साण्यावरची काच

वन्सं, पेटी मी रिकामी केलेली नाही. हे आधी सांगते, बाकीचं मागनं. काचेची पेटी जागच्या जागी आहे, छताच्या साण्याच्या बरोबर खाली, त्याच घडवंचीवर. आत दगड आहे, दगडावर तुमची बटनं आहेत आणि सकाळी ऊन उतरलं की ती उघडतात. तुम्ही गेल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं मला एकच शहाणपण शिकवलं, आता ते खारं पाणी ओतून टाक म्हणून. मी कुणाचं ऐकलं नाही. ऐकून घेणाऱ्यातली असते तर नणंद-भावजयीचं आपलं भांडण सगळ्या लोहारा गावात गाजलं असतं का?

तात्यांनी तर कमालच केली. तुमचे सख्खे चुलते, भेटायला आलेल्या माणसांनी ओसरी भरलेली, आणि त्यातच ते मोठ्यानं म्हणाले, "समिंदर काय घरात ठिवायची वस्तू हाय व्हय? त्या खाऱ्या पाण्यानंच पोरीला नेलं." मी चहाची किटली हातात घेऊन उभी होते. ती तिथंच खाली ठेवली. म्हणलं, "तात्या, वन्संनी त्या पेटीतला थेंब कधी जिभंला लावला न्हाय. त्यांनी पिलं ते टँकरचं. तुमी बी तेच पिलाव, म्या बी तेच पिले. कावीळ त्या गाळाच्या पाण्यानं झाली. बोलायचं आसंल तर टँकर लावणाऱ्याला जाऊन बोला, हितं मेलेल्या माणसाला कामून बोलताव?" तुमचा भाऊ खाली मान घालून बसला. सुनेनं असं बोलावं का, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला काही वाटलं नाही. वाटायचं जे होतं ते तुम्हीच माझ्यातनं केव्हाच काढून टाकलंत.

परवा तुमच्या शाळेतल्या नव्या बाई येऊन गेल्या. पेटीत वाकून वाकून बघत होत्या. "ह्यात मासे कुठायत?" मी म्हणलं, मासे नाहीत. मग काय आहे? दगड आहे. त्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या आणि मला तुम्ही दगड आणला तो दिवस आठवला. शिक्षकांच्या ट्रेनिंगला म्हणून रत्नागिरीला गेला होतात. येताना यष्टीतनं उतरलात ते पोटाशी स्टीलचा डबा धरून. आम्हाला वाटलं, आंबे नाहीतर काजू. डबा उघडला तर आत पाणी आणि पाण्यात काळा धोंडा. मी कपाळावर हातच मारला. "आवो वन्सं, आपल्याकडं धोंड्यांची काय टंचाई हाय का? बहात्तरच्या दुष्काळात तुमी पाझर तलावावर खडी फोडून हातं सोलून घेतली, तेवढी दगडं बास न्हाय झाली?" तुम्ही प्रवासानं पार गळालेल्या, तरी हसलात. म्हणालात, "शांते, ह्यो दगड जित्ता हाय."

आणि होता जित्ता. त्याच्यावर शर्टाच्या बटनाएवढाली तपकिरी फुलं होती, मधे हिरवी, काठाला बारीक झालर. बोट लावलं की मिटायची, जरा वेळानं परत उघडायची. प्रवाळाच्या भावकीतलेच जीव हे, असं तुम्ही सांगितलंत. फूल दिसतं पण फूल नाही, प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात उजेडावर जगणारं शेवाळ असतं. शेवाळाला उजेड मिळाला की ह्याचं पोट भरतं. उजेड नाही मिळाला तर महिनाभर धडपडतं आणि मग जातं. मी विचारलं, भाकरी खात नाही? तुम्ही म्हणालात, उजेड हीच त्याची भाकरी. झालं, त्या दिवसापासून आपल्या घरात उजेडाचं भांडण सुरू झालं.

त्याच्याही आधी पाण्याचं झालं, ते सांगते. त्या वर्षी आपला हातपंप हवा ओकत होता. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. अशात तुम्ही रत्नागिरीच्या मैत्रिणीकडनं यष्टीतनं समुद्राचं पाणी मागवून काचेच्या पेटीत भरून ठेवलंत, आणि ते उन्हानं आटायचं. समुद्राचं पाणी आटतं तेव्हा मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. तुम्ही काचेवर निळ्या रंगानं रेघ ओढली होती. पाणी रेघंखाली गेलं की तांब्याभर प्यायचं पाणी त्यात. प्यायचं! मी लई तोंड सोडलं होतं. "लोकांची ल्येकरं तान्हेली आन् तुमी दगडाला पाणी पाजताव!" तो तांब्या तुम्ही स्वतःच्या आंघोळीतनं वाचवत होतात, ओल्या फडक्यानं अंग पुसून शाळेला जात होतात, हे मला तुमच्या वाळलेल्या न्हाणीवरनं कळलं.

मग एकदा पेटीत हात बुडवून दगड सरळ करता करता तुम्ही सहज बोलावं तसं बोललात. तुमच्या लहानपणी वरच्या आळीच्या आडावर आपल्या लोकांना दोर सोडायची मुभा नव्हती. घागर ठेवून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरनं धार सोडणार. "शांते, हे पाणी कुणालाच प्यायचं न्हाय. म्हणून ह्याला कोण शिवलं, कोण न्हाय, ह्याची चौकशी कुणी करत न्हाय. साऱ्या वर्गानं बोटं बुडवून बटनं मिटवली, सगळ्या आळ्यांची पोरं. कुणाचं काय बिघडलं?" त्यानंतर मी पाण्यावरनं भांडायचं सोडलं. उजेडावरनं मात्र सोडलं नाही, अजून सोडलेलं नाही.

पेटी सोलापुरात रंगीत मासे विकणाऱ्याकडनं सांधून आणली तेव्हा मी बरोबर होते. त्यानं आपल्याला गुलाबी ट्यूब दाखवली. म्हणाला, ह्या उजेडात मासे नवरीसारखे दिसतात. तुम्ही म्हणालात, "मला दिसायला नको, जगायला पायजे." मग त्यानं परदेशी दिव्याचं नाव घेतलं, मुंबईहून मागवावा लागेल म्हणाला, आणि आपल्या पायातल्या चपला बघून स्वतःच गप बसला. मला असा राग आला! तुम्ही मात्र त्यालाच शांतपणे विचारून घेतलंत, कुठला दिवा जास्त तापतो, कुठला कमी, कुठल्यात पांढरा उजेड, कुठल्यात पिवळा. गरिबाला दिवा घ्यायचा तर आधी दिव्याची सगळी खोड माहीत पाहिजे, असं तुम्ही यष्टीत मला ऐकवलंत.

आधी साधा पिवळा बल्ब लावला, तुपाचा डबा कापून त्याच्यात बसवला. घरात होता तोच बल्ब, त्याला वेगळा खर्च नाही. तर त्यानं पाणी असं तापलं की पेटीच्या काचा घामेजल्या. पाणी भराभर आटायला लागलं, बटनं उंच मान करून बघायची आणि मिटूनच राहायची, दगडावर घाणेरडं तपकिरी बुळबुळीत चढलं. मी म्हणलं, "ह्यो दिवा न्हाय, चूल हाय. चुलीवर पाणी आटवताव आन् वरनं माझ्या घागरीतलं वतताव." बल्ब त्याच दिवशी काढला. ती लढाई मी जिंकले, हे विसरू नका.

मग ट्यूब. ट्यूब थंड, उजेड पांढरा, हे तुमचं म्हणणं खरं होतं, मी नाकारत नाही. पण संध्याकाळी शिवारात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं वीज अशी मंदावायची की ट्यूब नुसती डोळे मिचकावायची. सोसायटीच्या हापिसातली जुनी पट्टी तुम्ही आणून लावली होतीत. ती फडफडत बसायची, आणि सोसायटीचे एक सभासद दारात उभे राहून म्हणाले, "बाईच्या फुलाला वीज, आन् आमच्या मोटारीला न्हाय." तुम्ही म्हणालात, "काका, तुमच्या मोटारीनंच माझी ट्यूब मारलीय, भरपाई द्या." ते हसत हसत गेले, पण ट्यूब काही लागली नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच. वर साणं आहे की! तुमच्या शाळेतल्या बाईंना साणं म्हणजे काय तेही सांगावं लागलं. आपल्या मातीच्या माळवदाला उजेड यावा, धूर जावा म्हणून ठेवलेलं भोक. सूर्य फुकट आहे, त्याला चोक लागत नाही, स्टार्टर लागत नाही. तुम्ही म्हणायच्या, "आपला सूर्य लई तापट हाय शांते, उन्हाळ्यात कालवण व्हईल दगडाचं." मी म्हणायची, सकाळचं ऊन घ्या, दुपारी वरनं फडकं टाका. तुम्ही म्हणायच्या, दुपारी मी शाळेत, माळवदावर कोण चढणार? मी म्हणलं, "म्या मेले का?" अशी तुम्हाला शिडीची कबुली दिली आणि दूध गाळायचं पांढरं मलमलीचं फडकं रोज दुपारी साण्यावर टाकायला लागले. बटनं उघडली. अशी उघडली की तुम्ही शाळेतनं येऊन, चपला न काढता, पेटीपुढं बसून राहिलात.

ते फडकं कुठलं, हे लोकांना सांगायला पाहिजे. दूध संस्थेतलं होतं. गावात संस्था निघाली तेव्हा आपल्या आळीचं दूध वेगळ्या कॅनमधी घ्या, असं काही लोकांचं चाललं होतं. तुम्ही बैठकीत उभं राहून विचारलंत, "म्हशीला इचारलं का कुणी, ती कुठल्या आळीची?" आणि मला, सातवी पास बाईला, माप घ्यायला तिथं बसवलंत. मी नको नको म्हणत होते. तुम्ही माझा हात धरून नेलंत आणि खुर्चीवर दाबून बसवलंत. आज सगळ्या गावाचं दूध एका कॅनमधी पडतं आणि ते माझ्या हातानं पडतं. तुमचे उपकार म्हणून मी कधी बोलले नाही. आता बोलते. ऐकायला तुम्ही नाहीत, हा तुमचा दोष.

आणि मग ती पांढऱ्या मातीची गोष्ट. पावसाळ्याच्या आधी माळवदावर पांढरी खारी माती अंथरायची, म्हणजे गळत नाही, हे घराघरात चालतं. तुमच्या भावानं तुम्ही शाळेत असताना माती वर चढवली आणि फावड्यानं ओढता ओढता साण्यातनं धबाधब आत पडली. पेटीतलं पाणी ताकासारखं झालं. मी बोंबलत वर गेले, तर हे काय म्हणतात? "ओरडतीस कामून? माती बी खारी, पाणी बी खारं. खाऱ्यात खारं पडलं तर काय व्हतंय?" आपल्याच घरात असला शास्त्रज्ञ निघावा! तुम्ही आलात, पेटी बघितली आणि ओट्यावर जाऊन बसलात. भावाला एक शब्द बोलला नाहीत. त्याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो दोन दिवस जेवताना तुमच्या ताटाकडंच बघत होता.

माती हळूहळू बुडाला बसली. तुम्ही नळीनं ती ओढून काढलीत, रत्नागिरीच्या मैत्रिणीनं यष्टीतनं पाठवलेलं राखीव पाणी भरलंत. बटनं मिटलेली. आपण रोज बघायचो. मग एका सकाळी उन्हात एक बटन जरासं उघडलं, कडंचं, सगळ्यांत बारीक. तुमच्या भावानं ते आधी बघितलं. "आक्का, आक्का" असा ओरडला की मला वाटलं, इंचू चावला.

त्याच दिवशी तुम्ही भिंतीवरनं तुमची पदवी खाली काढलीत. आपल्या भावकीतली बाईमाणसाची पहिली पदवी, मामंजींनी सोलापूरहून चौकट करून आणलेली. तुम्ही चौकटीचे खिळे उचकटलेत, काच काढलीत, कागद गुंडाळून ट्रंकेत टाकलात आणि काच साण्यावर बसवून कडंनं चिखल थापलात. माती पडायची नाही, धूळ पडायची नाही, उजेड तेवढा येईल. मी आडवी आले. "आवो पदवी हाय ती! वाळवी खाईल कागदाला." तुम्ही चिखलाचे हात झटकत म्हणालात, "पदवी डोक्यात हाय. काच तिथं भिंतीवर नुसती लटकून काय करती? हितं कामाला लागली." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पदवीला दुसरी काच आणा म्हणून मी तुमच्या मागं लागायची, तुम्ही पुढच्या पगाराला म्हणायच्या, आणि पुढच्या पगाराला काय आणलंत? ट्यूब! नवी कोरी, पट्टी-चोकसकट. कशाला, तर पावसाळ्यात आभाळ भरून आलं म्हणजे साण्यातनं उजेड येत नाही. मी पोट धरून हसले. "आपल्याकडं ढग येत्यात कुठं, की तुमाला ढगासाठी ट्यूब पायजे?" तुम्ही रागावलात. खरंच रागावलात. "येतील की! येणारच न्हाईत आसं धरून जगायचं का?" असं म्हणून ट्यूब कागदात गुंडाळून पलंगामागं ठेवलीत. ते भांडण तिथंच राहिलं. आठवडाभरात तुमचे डोळे पिवळे झाले, सोलापूरला नेलं, आणि पुढचं मला लिहायचं नाही.

आता कालचं सांगते. काल तुमच्या नावानं पाणी सोडायचा, जलदानाचा विधी झाला. फोटोसाठी चौकट शोधत होते, तर पदवीची चौकट रिकामी पडलेली. फोटो तिच्यात अगदी माप घेतल्यासारखा बसला, पण काच नाही. तात्या लगेच म्हणाले, "काच साण्यावर हाय की. काढा ती. पेटी बी आजच मोकळी करा, साणं बुजवून टाका. बाई गेली, आता कुणासाठी ठिवायचं?" आणि तुमच्या भावाला म्हणाले, "चढ वर." वन्सं, तुमचा भाऊ उठला. शिडी लावली. मी शिडीचा पाय धरून उभी राहिले. म्हणलं, "काच काढायची आसंल तर ह्या शिडीवर म्या कुणाला चढू देणार न्हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या बाजूनं पाय ठेवून वर चढले. मला त्यांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. सगळी माणसं साण्याकडं बघत होती. वरनं त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, काच पुसली, खूप वेळ पुसली, आणि खाली आले. "धूळ बसलीती," एवढंच म्हणाले. खाली पेटीवर लखलखीत ऊन पडलं.

तात्या म्हणाले, मग फोटोला काच कुठली? मी म्हणलं, "फोटो बिनकाचेचा ऱ्हाऊ द्या." ते म्हणाले, धूळ बसेल. म्हणलं, "बसू द्या. पुसायला म्या हाय."

विधीत तांब्यातलं पाणी वाटीत सोडायचं असतं, वाटी भरून ताटात वाहीपर्यंत, आणि मग ते पाणी झाडाच्या बुडाशी घालायचं. मी ताट उचललं. बाहेर कडुलिंबाकडं सगळे वाट बघत होते. आणि जाता जाता मला पेटी दिसली. ह्या सगळ्या दिवसांत पाहुण्यांच्या गर्दीत कुणाला भर घालायची आठवण राहिली नव्हती, पाणी रेघंच्या पार खाली गेलं होतं, बटनं आखडून बसली होती. मी थांबले. लिंब जुना आहे, त्याच्या मुळ्या खोल आहेत, तो त्याचं बघून घेईल. मी ताटातलं पाणी सगळ्यांदेखत पेटीत घातलं, अगदी हळू, तुम्ही घालायच्या तसं काचेच्या कडंनं. पाणी निळ्या रेघंला टेकलं. मागनं कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. विधी सांगणारे आपले गुरुजी मात्र म्हणाले, "घालू द्या. तहानलेल्यालाच घातलंय."

आज सकाळी बटनं उघडली. दुपारी मी माळवदावर चढून फडकं टाकून आले. पदवीचा कागद ट्रंकेतनं काढून बघितला, वाळवी लागलेली नाही, पण त्याला मी काच घालणार आहे, तुम्ही काहीही म्हणा. पलंगामागची ट्यूब अजून कागदात गुंडाळलेलीच आहे. तिला मी हात लावलेला नाही. ज्या दिवशी आभाळ असं भरून येईल की साण्यातनं उजेड यायचा बंद होईल, त्या दिवशी मी स्वतः ती पेटीवर टांगीन आणि वन्सं, तुम्ही जिंकलात, असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणीन. तोवर माझंच खरं.